चकचकीत प्लास्टिक आणि हाताची तक्रार

७ सप्टेंबर २००५ रोजी सॅन फ्रान्सिस्कोमधल्या एका कार्यक्रमात स्टीव्ह जॉब्ज यांनी जीन्सच्या नेहमीच्या खिशावर जो चिमुकला जादा खिसा असतो, त्यात बोटं घातली आणि नवा ‘आयपॉड नॅनो’ बाहेर काढला. जेमतेम ७ मिलिमीटर जाडीचा, पुढून आरशासारखा काळा किंवा पांढरा, मागून पॉलिश केलेलं स्टील. सभागृहातून टाळ्या पडल्या आणि दुकानांतून मागणी सुरू झाली. काही आठवड्यांतच तक्रारीही सुरू झाल्या. काळा नॅनो किल्ल्या-नाण्यांसोबत नव्हे, नुसता कापडी खिशात ठेवला तरी त्याच्यावर बारीक ओरखड्यांचं जाळं उमटत होतं. ऑक्टोबरमध्ये अमेरिकेत ग्राहकांनी सामूहिक खटला भरला. पुढे कंपनीने २.२५ कोटी डॉलरची तडजोड केली. मात्र त्याच्या कितीतरी आधी, २००६ च्या सप्टेंबरमध्ये आलेल्या दुसऱ्या पिढीच्या नॅनोचं अंग अ‍ॅल्युमिनियमचं झालं होतं. मॅट, किंचित रेशमी, ओरखडे सहज न दाखवणारं.

या प्रकरणाकडे मी चकचकीत प्लास्टिकची संपूर्ण गोष्ट म्हणून पाहतो. ज्या खिशातून वस्तू दिमाखात बाहेर काढली, तोच खिसा तिला सोसवला नाही. चकाकी ही बघण्यासाठी असते. बघणं काही सेकंदांत, दुकानाच्या काउंटरवर होतं. हाताळणं वर्षानुवर्षं चालतं. विकत घेण्याचा निर्णय डोळे करतात आणि नांदायचं हाताला असतं. त्यामुळे हाताची बाजू नीट मांडली गेली पाहिजे असं मला वाटतं. त्यासाठी आधी चकाकी म्हणजे नेमकं काय ते पाहू.

कोणत्याही प्लास्टिकवर सरळ समोरून प्रकाश पडला, की त्यातला सुमारे ४ टक्के पृष्ठभागावरूनच परततो. प्लास्टिक मॅट असो वा चकचकीत, हा आकडा फारसा बदलत नाही, कारण तो पदार्थाच्या अपवर्तनांकावर ठरतो आणि बहुतेक प्लास्टिकचा अपवर्तनांक १.५ च्या आसपास असतो. फरक पडतो तो परतणाऱ्या प्रकाशाच्या शिस्तीत. पृष्ठभागावरचे उंचवटे प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा, म्हणजे ४०० ते ७०० नॅनोमीटरपेक्षा, बरेच लहान असतील तर सगळे किरण एकाच दिशेला परततात आणि खिडकीची, दिव्याची स्वच्छ प्रतिमा दिसते. उंचवटे मोठे झाले की तेच किरण दाही दिशांना पांगतात. पावसात भिजलेला डांबरी रस्ता रात्री गाड्यांचे दिवे आरशासारखे दाखवतो, तेव्हा डांबर बदललेलं नसतं. पाण्याने खाचखळगे भरून वरचा पृष्ठभाग सपाट केलेला असतो, एवढंच.

ही शिस्त मोजताही येते. ग्लॉसमीटर नावाचं छोटं यंत्र पृष्ठभागावर ठेवतात. ते ठरावीक कोनातून प्रकाश टाकतं आणि आरशाच्या नियमाने किती परतला ते मोजतं. १.५६७ अपवर्तनांकाच्या पॉलिश केलेल्या काळ्या काचेला १०० गुण, हे प्रमाण. सर्वसाधारण मोजणी ६० अंशांतून होते. फार चकचकीत वस्तूंसाठी २० अंश, अगदी मॅट वस्तूंसाठी ८५ अंश. पियानो-ब्लॅक म्हणून विकलं जाणारं प्लास्टिक आणि ती काळी प्रमाण-काच यांत या यंत्राला फारसा फरक दिसत नाही. हाताला तो लगेच कळतो, पण त्याकडे थोड्या वेळाने येऊ.

प्लास्टिकच्या बाबतीत लक्षात ठेवायची गोष्ट अशी, की त्याची चकाकी बहुधा त्याची स्वतःची नसते, साच्याची असते. वितळलेलं प्लास्टिक दाबाने पोलादी साच्यात शिरतं आणि साच्याच्या भिंतीवर जे काही असेल त्याची हुबेहूब नक्कल घेऊन थिजतं. भिंत खरखरीत असेल तर पार्ट खरखरीत, आरसा असेल तर आरसा. अमेरिकेतल्या प्लास्टिक उद्योगाच्या संघटनेने साच्यांच्या फिनिशची जी प्रतवारी ठरवली, ती जगभर वापरली जाते. ‘ए’ गट हिऱ्याच्या पेस्टने घासलेला, ‘बी’ पॉलिश पेपरने, ‘सी’ दगडाने आणि ‘डी’ कणांचा मारा करून खरबरीत केलेला. सर्वांत वरच्या ‘ए-१’ प्रतीसाठी ३ मायक्रॉनच्या हिरकणांनी पोलाद घोटतात. असा साचा पाहिला, की त्यात स्वतःचा चेहरा दिसतो.

पुण्याजवळच्या भोसरीत आणि तिकडे वसईत डाय-मोल्ड बनवणारी वर्कशॉप आहेत. तिथल्या पॉलिशवाल्या कारागिराचं काम पाहणं हा फार समाधान देणारा अनुभव आहे. आधी जाड दगड, मग बारीक, मग पेपर, मग फेल्टवर पेस्ट. प्रत्येक टप्प्यावर घासण्याची दिशा बदलायची, म्हणजे आधीच्या टप्प्याची रेघ शिल्लक राहिली तर ती आडवी दिसते आणि पकडली जाते. एक कण चुकून पुढच्या टप्प्यात गेला तर दोन पायऱ्या मागे जावं लागतं. चांगलं पोलाद आणि सबुरी, दोन्ही लागतात. या कष्टांचं एक वैशिष्ट्य म्हणजे ते एकदाच करावे लागतात. त्यानंतर त्या साच्यातून लाखो पार्ट निघतात आणि प्रत्येकाला ती तकाकी आयती मिळते.

चकाकीचा मान आपल्या मनात का आहे आणि तो का उतरला, या दोन्हींचं मूळ मला याच ठिकाणी सापडतं. प्लास्टिकच्या आधी तुळतुळीत पृष्ठभाग म्हणजे कुणाचे तरी तासन् तास होते. सावंतवाडीच्या लाखकामात फिरत्या लाकडावर लाखेची कांडी दाबली जाते, घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून लाकडावर चढते, मग ती घोटली जाते. पियानोवर लेपांमागून लेप चढवून ते घासले जातात. जपानी लाखेच्या भांड्यांना तर महिने लागतात. चकाकी दिसली की मन आपोआप त्यामागचे हात मोजायचं. साच्याने ते हात एका पोलादी ठोकळ्यात बंद केले आणि दर तीस-चाळीस सेकंदांनी त्यांची प्रत काढायला सुरुवात केली. तेव्हा चकाकी स्वस्त झाली, पण आपली जुनी सवय मात्र काही दशकं तशीच राहिली. कंपन्यांनी त्या सवयीवर भरपूर कमावलं.

सवयीच्याही खाली काही असावं, असं मानणारे संशोधक आहेत. २०१४ मध्ये बेल्जियममधल्या घेंट विद्यापीठाच्या कात्रीन मेर्ट, मारियो पँडेलारे आणि ह्यूस्टनच्या व्हनेसा पॅट्रिक यांनी एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. चकचकीत गोष्टींची ओढ ही पाण्याच्या ओढीतून आली असावी, असं त्यांचं म्हणणं. तहानलेल्या माणसांना चकचकीत प्रतिमा अधिक आवडतात, असं त्यांच्या प्रयोगांत दिसलं. ही कल्पना सुंदर आहे. तरी एका मोबाइलच्या पाठीची सगळी मोहिनी तिच्यावर टांगावी, इतकी ती भक्कम आहे असं मला वाटत नाही.

डोळा चकाकी कशी ओळखतो, याची उकल मात्र पक्की आहे. चकाकणारा ठिपका पृष्ठभागावर नसतो. फुगीर वस्तूवर तो पृष्ठभागाच्या मागे, आत कुठेतरी असल्यासारखा दिसतो, कारण ती दिव्याची आभासी प्रतिमा असते. अँड्र्यू ब्लेक आणि हाइनरिष ब्युल्थॉफ यांनी १९९० मध्ये ‘नेचर’ नियतकालिकात दाखवलं, की दोन्ही डोळ्यांना मिळणाऱ्या चित्रांत त्या ठिपक्याची खोली भौतिकीच्या नियमाप्रमाणे बरोबर असेल तरच माणसाला वस्तू चकचकीत वाटते. ती खोली चुकवली तर तोच ठिपका पांढऱ्या डागासारखा दिसतो. शिवाय आपण डोकं हलवलं की ठिपका सरकतो. म्हणून चकचकीत वस्तू हातात फिरवून बघाविशी वाटते. ती जणू दर क्षणी नवी होते. काळ्या रंगावर हा परिणाम सर्वाधिक, कारण प्लास्टिकच्या आतून काहीच प्रकाश परतत नाही आणि त्या ४ टक्क्यांच्या प्रतिबिंबाला स्पर्धाच उरत नाही. पहिल्या आयपॉडच्या पांढऱ्या रंगाला वेगळी युक्ती लागली होती: पांढऱ्या प्लास्टिकवर पारदर्शक थर. त्या थराने रंगाला खोली दिली.

आता हाताकडे येऊ.

‘गुळगुळीत म्हणजे निसरडं’ हा आपला सर्वसाधारण समज. बोटाच्या बाबतीत तो अर्धाच खरा आहे. बोटाची त्वचा मऊ असते, तिच्यावर रेषा असतात आणि त्या रेषांवर घामाची छिद्रं असतात. घर्षण किती होणार हे मुख्यतः त्वचा आणि वस्तू यांचा प्रत्यक्ष स्पर्श किती क्षेत्रफळावर होतो त्यावर ठरतं. टेक्श्चर असलेल्या प्लास्टिकवर बोट फक्त उंचवट्यांच्या टोकांना टेकतं. आरशासारख्या प्लास्टिकवर, त्वचा मऊ पडली की, ती पृष्ठभागाला पूर्ण चिकटून बसते. हिवाळ्यात कोरड्या बोटांनी चकचकीत फोन उचलला तर तो सटकतो, कारण कोरडी त्वचा ताठ असते आणि नीट टेकत नाही. तोच फोन अर्धा मिनिट धरून ठेवला तर घाम बाहेर पडायला वाट मिळत नाही, तो तिथेच साचून वरची त्वचा मऊ करतो, स्पर्शाचं क्षेत्र वाढतं आणि घर्षण काही पटींनी चढतं. आणखी घाम किंवा पाणी आलं की मधे पातळ थर तयार होऊन पुन्हा सटकणं सुरू. म्हणजे एकाच वस्तूची पकड एकाच तासात तीन प्रकारची. मॅट पृष्ठभागावर उंचवट्यांमधून हवा खेळते, ओल अडकत नाही आणि पकड बरीचशी एकसारखी राहते.

मुंबईत जुलैमध्ये चकचकीत लॅपटॉपवर मनगटं टेकवून काम केलेल्या कुणालाही हे वेगळं समजवावं लागणार नाही. हात चिकटतो, उचलताना सुटल्याचं जाणवतं, आणि मागे हाताचा ओला नकाशा राहतो. टचपॅड तर त्याहून अवघड, कारण तिथे बोट घसरायलाच हवं. चकचकीत प्लास्टिकच्या टचपॅडवर दमट बोट अडखळत, थरथरत सरकतं. अ‍ॅपलने २००८ मध्ये लॅपटॉपसाठी काचेचा टचपॅड आणला, तेव्हा काच मुद्दाम रासायनिक प्रक्रियेने किंचित खरवडून घेतली होती. वरून काचच, पण बोटाला रेशमी.

किंचित म्हणजे किती, याचंही उत्तर विस्मयकारक आहे. स्टॉकहोमच्या केटीएच तंत्रविद्यापीठात लिसा स्केडुंग, मार्क रुटलँड आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये प्रयोग केला. प्लास्टिकच्या पृष्ठभागांवर नियमित सुरकुत्या पाडल्या आणि माणसांना डोळे बांधून, बोट फिरवून फरक ओळखायला सांगितलं. केवळ १३ नॅनोमीटर उंचीच्या सुरकुत्या आणि सपाट पृष्ठभाग यांतला फरक बोटांनी ओळखला. आता ‘ए-१’ साच्याचा सरासरी खडबडीतपणा पाहा: सुमारे १२ ते २५ नॅनोमीटर. दोन मोजमापं वेगळ्या पद्धतींची आहेत, त्यांची थेट तुलना करू नये. पण एवढं नक्की, की माणसाने पोलादावर जी सर्वोत्तम घोटाई साधली आहे, तिच्या आसपास आपल्या बोटांची समज पोहोचते. हे एवढं सूक्ष्म बोटाला दाबून कळत नाही. बोट फिरवल्यावर त्वचेत उठणाऱ्या कंपनांतून कळतं. जर्मन मानसशास्त्रज्ञ डेव्हिड काट्झ यांनी १९२५ मध्येच स्पर्शाच्या जगावरच्या आपल्या ग्रंथात या कंपनांचं महत्त्व सांगून ठेवलं होतं. आरशासारखं प्लास्टिक बोटाला जवळजवळ कोणतंच कंपन देत नाही. बोट फिरतं आणि बातमी येत नाही. अनेकांना चकचकीत वस्तू ‘निर्जीव’ वाटते, त्यामागे हे मौन असावं असं मला वाटतं.

बोट आणखी एक गोष्ट क्षणात तपासतं: उष्णता. अ‍ॅल्युमिनियमची उष्णतावाहकता साधारण २००, खिडकीच्या काचेची १, आणि एबीएस प्लास्टिकची ०.२ च्या आसपास (एकक वॅट प्रति मीटर प्रति केल्विन). बोटाचं तापमान बहुधा खोलीपेक्षा जास्त असतं. धातू ती उष्णता ओढून घेतो आणि थंड लागतो, काच थोडी कमी, प्लास्टिक जवळजवळ नाहीच. डोळ्यांनी ‘ही काच आहे, हे लाखकाम आहे’ असं सांगितलेलं असतं. हात टेकतो, अपेक्षित गारवा मिळत नाही. वर बोटाने टकटक केली तर पोकळ, हलका आवाज येतो, दाबलं तर कवच लवतं. डोळ्यांच्या शब्दावर विसंबलेला हात एका सेकंदात फसवला गेल्याचं ओळखतो. चकचकीत प्लास्टिक ‘स्वस्त’ वाटतं ते प्लास्टिक असल्यामुळे नव्हे. ते ज्याची आशा दाखवतं ते देऊ शकत नाही, म्हणून.

हे मला जास्त खटकतं, कारण प्लास्टिकचं ऊबदार असणं हा त्याचा खरा गुण आहे. मे महिन्यात नागपुरात ४५ अंशांना उन्हात ठेवलेल्या गाडीतली धातूची वस्तू हातात धरवत नाही. त्याच तापमानाचं प्लास्टिक धरवतं. जो पदार्थ हाताशी इतका सौम्य वागतो, त्याला काचेचा वेश चढवून काचेच्या परीक्षेला बसवायचं आणि नापास करायचं, हा त्या पदार्थावर अन्याय आहे.

मग येतात ठसे. बोटांच्या पेरांवर घाम असतो, तेलग्रंथी नसतात. तेल चेहऱ्यावरून, केसांवरून बोटांवर येतं आणि तिथून वस्तूवर. हे तेल-घामाचं मिश्रण सूक्ष्म थेंबांच्या रूपात बसतं आणि प्रकाश पांगवतं. मॅट पृष्ठभाग आधीच प्रकाश पांगवत असतो, म्हणून तिथे थेंब लपतात. आरशावर तेवढाच भाग शिस्त मोडतो आणि उठून दिसतो. टचस्क्रीनवर हा प्रश्न हाताळण्यासाठी फ्लोरिनयुक्त, तेल झटकणारा लेप आला. आयफोन ३जीएसवर तो २००९ मध्ये होता. प्लास्टिकच्या पाठींना मात्र असं काही क्वचितच मिळालं.

ओरखड्यांचंही तेच तत्त्व. आपल्या घरातल्या धुळीत क्वार्ट्झचे, म्हणजे वाळूचे, कण असतात. त्यांच्यापुढे काचसुद्धा मऊ ठरते, मग पॉलिकार्बोनेटसारखं प्लास्टिक तर फारच मऊ. ते आपटलं तर फुटत नाही, हा त्याचा मोठा गुण, पण पेन्सिलीने घासून कठीणपणा तपासण्याच्या पद्धतीत ते साध्या मऊ पेन्सिलीलाही हार जातं. अ‍ॅक्रिलिक कठीण, पण ठिसूळ. म्हणून पॉलिकार्बोनेटवर कठीण लेप चढवावा लागतो, आणि खर्च वाढतो. लेप नसलेली वस्तू घरी आली, की कोरड्या फडक्याने पुसणं सुरू होतं. फडकं घासल्याने प्लास्टिकवर स्थिर विद्युत साचते, तिला आणखी धूळ चिकटते, आणि पुढचं फडकं ती धूळ पृष्ठभागावरून फरफटवतं. दिव्याखाली धरल्यावर दिव्याच्या प्रतिबिंबाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखी वर्तुळं दिसतात. प्रत्यक्षात ओरखडे सगळ्या दिशांना असतात. त्यातले जे दिव्याच्या तुलनेत योग्य कोनात पडतात तेवढेच चमकतात, म्हणून वर्तुळ भासतं. काळजी घेणाऱ्या माणसाच्या वस्तूवर ही वर्तुळं बहुधा अधिक असतात, आणि हे पाहून वाईट वाटतं.

इतकं सगळं ठाऊक असूनही २००५ ते २०१४ हा काळ चकचकीत प्लास्टिकचाच होता. सोनीचं पीएसपी, नोव्हेंबर २००६ मधलं प्लेस्टेशन ३, निन्टेन्डोचं डीएस लाइट, पियानो-ब्लॅक चौकटीचे टीव्ही, नक्षीदार चकचकीत झाकणांचे लॅपटॉप. टीव्हीच्या चौकटींसाठी तर साचाच तापवण्याचं तंत्र आलं. एरवी एबीएसचा साचा ५० ते ८० अंशांवर ठेवतात. प्लास्टिक भिंतीला लागताच थिजतं आणि दोन प्रवाह जिथे भेटतात तिथे वेल्ड लाइन दिसते. वाफेने साचा प्लास्टिकच्या मऊ पडण्याच्या तापमानापर्यंत, म्हणजे १०० अंशांच्या पुढे, न्यायचा, मग भरायचं, मग झटकन थंड करायचं. वेल्ड लाइन नाहीशी होते आणि पार्ट रंगवावा लागत नाही. रंगकामाचा खर्च आणि त्यातली विषारी द्रावणं वाचतात, हा फायदा खरा आहे. पण चकाकी डिझायनरलाही बांधून टाकते. आतल्या बाजूची बरगडी जरा जाड झाली की बाहेर सिंक मार्क, म्हणजे उथळ खळगा, उमटतो. मॅटवर तो लपतो. आरशात तो ट्यूबलाइटचं प्रतिबिंब वाकवून स्वतःची जाहिरात करतो.

सॅमसंगने २०१२ मध्ये गॅलेक्सी एस ३ च्या पाठीला ‘हायपरग्लेझ’ असं भारदस्त नाव दिलं. फोन प्रचंड खपला. तरी बहुतेक परीक्षणांत पाठीबद्दल कुरकूर होतीच. पुढच्या वर्षी नोट ३ ची पाठ चामड्यासारखी झाली, शिवणीची नक्षीही प्लास्टिकमध्येच. २०१४ च्या एस ५ वर मॅट आणि ठिपकेदार, २०१५ च्या एस ६ पासून काच आणि धातू. नोकियाची वाट मला अधिक प्रामाणिक वाटते. २०११ मधल्या एन ९ चं अंग एकसंध पॉलिकार्बोनेटचं, रंग आरपार, पृष्ठभाग मॅट. ओरखडा पडला तरी खालून तोच रंग. पुढे ल्युमिया ९२० च्या पिवळ्या, लाल, पांढऱ्या फोनांना चकाकी दिली आणि काळा, राखाडी मॅट ठेवला. ही निवड शहाणपणाची आहे: उजळ रंगावर प्लास्टिकच्या आतूनच इतका प्रकाश परततो, की ठसे आणि बारीक रेघा त्यात हरवतात. खेळांच्या यंत्रांनीही हाच धडा घेतला. २००९ चं सडपातळ प्लेस्टेशन ३ मॅट होतं, निन्टेन्डोचं डीएसआयही.

म्हणजे मॅट जिंकलं का? इतकं सोपं नाही. चकाकीला कंटाळलेल्या उद्योगाने एक पर्याय म्हणून रबरासारखा मऊ लागणारा पॉलियुरेथेनचा लेप आणला. माऊस, दुर्बिणी, छत्रीच्या मुठी, लॅपटॉपची झाकणं. नवा असताना तो हाताला सुखद वाटतो. पण त्यातल्या कित्येक लेपांची रासायनिक साखळी दमट हवेत पाण्याशी अभिक्रिया होऊन हळूहळू तुटते आणि काही वर्षांत वस्तू गुळासारखी चिकट होते. कोकण किनाऱ्यावरच्या घरांत कपाटातून काढलेली जुनी दुर्बीण बोटांना चिकटते, ती अशी. आयसोप्रोपिल अल्कोहोलने घासून तो लेप काढला, की खाली साधं, ठणठणीत प्लास्टिक निघतं. चकचकीत प्लास्टिकवर निदान ही वेळ येत नाही. हातासाठी टिकाऊ उपाय म्हणजे साच्यातच कोरलेलं टेक्श्चर: वर थापलेलं काही नाही, सोलण्यासारखं काही नाही.

आणि चकचकीत असूनही हाताने स्वीकारलेलं प्लास्टिकसुद्धा आहे. लिओ बेकलंड यांनी १९०७ मध्ये शोधलेल्या बॅकेलाइटचे काळे टेलिफोन आठवा. एरिक्सनसाठी नॉर्वेच्या जाँ हायबर्ग यांनी १९३०-३१ च्या सुमारास जो आकार घडवला, त्याची छाप जगभरच्या टेलिफोनवर पडली, आपल्याकडच्या डाक-तार खात्याच्या काळ्या फोनवरही. रिसीव्हर तुळतुळीत, पण वजनदार, जाड भिंतीचा, कठीण, आणि मूठ बसावी असा गोलाईचा. तो काचेचं सोंग करत नव्हता, आणि खिशात जात नव्हता. लेगोचे ठोकळेही १९६३ पासून चकचकीत एबीएसचे आहेत. ते लहान, टणक, घट्ट बसणारे. दाबल्यावर लवत नाहीत. चकाकीमागे घनता असली की हात तक्रार करत नाही, असं मला या दोघांवरून दिसतं.

म्हणून मिक्सरच्या भांड्याभोवतीचं कवच चकचकीत असावं, ते ओल्या फडक्याने एका फटक्यात स्वच्छ निघतं आणि हळदीचा डाग दाण्यांत अडकून बसत नाही. टीव्हीची चौकट हवी तर चकचकीत असू द्या, जरी ती चित्राचंच प्रतिबिंब दाखवून त्रास देते. पण रिमोट, माऊस, लॅपटॉपचा मनगटाखालचा भाग, कॅमेऱ्याची मूठ, गाडीतल्या गिअरभोवतीची पट्टी, जिथे हात रोज जातो तिथे ती नको. गाड्यांच्या आतल्या भागात पियानो-ब्लॅकचा जो सुळसुळाट झाला आहे, त्याचं समर्थन मला कुठल्याच बाजूने करता येत नाही: वर ऊन, आत धूळ, आणि सतत बोटं.

दुकानात वस्तू घेताना संरक्षक फिल्म लावलेलाच नमुना पाहून निघू नका. काउंटरवर आठवडाभर लोकांनी हाताळलेला नमुना मागा आणि तो खिडकीशी, तिरका धरून पाहा. मूठ बंद करून मिनिटभर धरा, मग बोट फिरवा. घरी आणल्यावर कोरडं फडकं वापरू नका. आधी फुंकरीने किंवा मऊ ब्रशने धूळ घालवा, मग किंचित ओलसर मायक्रोफायबर. अ‍ॅसिटोन असलेलं नेलपॉलिश रिमूव्हर एबीएसला विरघळवतं आणि पॉलिकार्बोनेटला तडे आणतं, ते दूर ठेवा. एबीएस किंवा अ‍ॅक्रिलिकच्या, लेप नसलेल्या चकचकीत पार्टवरचे उथळ ओरखडे प्लास्टिक पॉलिशने घोटून काढता येतात, कारण रंग आरपार असतो. मॅटची झीज मात्र उलट बाजूने होते. कीबोर्डवरच्या एबीएसच्या कळा, विशेषतः स्पेसबार आणि नेहमी लागणारी अक्षरं, दोन-तीन वर्षांत चकाकू लागतात, कारण बोटंच त्यांचे उंचवटे घासून काढतात. तिथे गेलेलं टेक्श्चर परत आणण्याचा घरगुती उपाय नाही. जे रोज फार टंकलेखन करतात, त्यांनी पीबीटी प्लास्टिकच्या कळांचा कीबोर्ड घ्यावा. तो पदार्थ अधिक कठीण आहे आणि त्याचा खरखरीतपणा बराच जास्त काळ टिकतो.